जपानीचा ओनामा: पहिल्या वहीच्या नोंदी

१५ जून २०२५

आजपासून नोंदी ठेवते आहे. काम असं आहे: मराठी माणसाला जपानीची सुरुवात करताना हाताशी ठेवता येईल अशी साठ-सत्तर पानांची वही तयार करायची. आधी लिहून मग शिकवायची नाही, शिकवता शिकवता लिहायची. दर रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी सोलापुरात आमच्या माडीवर चौघं येणार.

माझी भाची नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला जपानमध्ये वृद्धांच्या देखभालीच्या कामाला जायचंय. दुसरा, अशोक चौकाकडच्या एका यंत्रमागवाल्यांचा मुलगा; डिप्लोमा झालाय, घरी तेलुगू बोलतात. तिसरा गल्लीतला, आठवीतला, जपानी कार्टून बघून आलेला. आणि चौथ्या आमच्या शाळेच्या मराठीच्या बाई. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, परीक्षा द्यायची नाही, पण 'एक भाषा अजून शिकायची राहिली आहे' म्हणाल्या. बाकी तिघं ७ डिसेंबरला पुण्यात जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेच्या एन-५ ला बसणार. ही परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पायऱ्यांची, आणि एन-५ सगळ्यांत खालची.

हे का करतेय तेही लिहून ठेवते. मी ज्या वर्गात पहिल्यांदा शिकले तिथं सगळं रोमन अक्षरांत होतं. मी 'साके' हा शब्द इंग्रजी सवयीनं 'सेक' वाचत होते. व्याकरणही इंग्रजीतून: आधी जपानी वाक्य, मग इंग्रजी वाक्य, आणि त्यांचा क्रम उलटा का याचा तासभर खुलासा. तो क्रम मराठीशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतो, हे आठ महिन्यांत तिथं कुणी सांगितलं नाही. ते आठ महिने या चौघांचे जाऊ नयेत.

२२ जून

पहिला धडा अक्षरांचा. हिरागाना या जपानी लिपीची मूळ अक्षरं ४६. फळ्यावर लिहायच्या आधी नुसतं म्हणून दाखवलं: आ, इ, उ, ए, ओ. मग ओळींची पहिली अक्षरं: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा.

बाई लगेच म्हणाल्या, "अगं, ही तर बाराखडी. क, च, त, न, प, म, य, र, व."

तसंच आहे. जपानी बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्र वाचण्यासाठी सिद्धम् लिपी शिकत. ८०६ साली कूकाइ नावाचे भिक्षू चीनहून परतले, त्यांच्या पंथात ही लिपी आजही मंत्राक्षरांसाठी लिहितात. तिच्या अभ्यासातून जपानी अक्षरांचा आजचा क्रम आला. च-वर्गाच्या जागी सा, प-वर्गाच्या जागी हा. 'हा'चा उच्चार फार पूर्वी 'पा'सारखा होता असं भाषातज्ज्ञ मानतात, म्हणून तर हा-बा-पा एकाच अक्षराला खुणा करून लिहितात. लिपीचं नाव सिद्धम् पडलं ते 'सिद्धम्' असं लिहून अक्षरं गिरवायला सुरुवात करायचे म्हणून. आणि आपण एखाद्या गोष्टीचा 'ओनामा' करतो तो 'ॐ नमः सिद्धम्'चाच. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'ओनामासीधं' अजून ऐकू येतं. वहीचं नाव तिथंच ठरलं.

व्यवहारातला फायदा असा: शब्दकोशात शब्द कुठं सापडेल हे मराठी माणसाला पहिल्या दिवशी कळतं.

२९ जून

उच्चार. आज सगळ्यांत जास्त मजा आली, म्हणून सविस्तर.

'त्सु' हे अक्षर इंग्रजीवाल्यांना जड जातं. मी 'चूल' म्हणायला सांगितलं. मग 'चूक', 'चुलत'. त्यातला पहिला आवाज दाबून धरा, तोच 'त्सु'. 'चि' म्हणजे चिंचेतला चि. आपल्याकडे च दोन आहेत, चुलीचा आणि चिंचेचा, आणि जपानीला दोन्ही लागतात. ज चंही तसंच: 'जुना'मधला जु म्हणजे 'झु' लिहितात तो, आणि जिऱ्यातला जि म्हणजे 'जि'. 'फु' साठी दात ओठावर टेकवायचे नाहीत. चुलीत फुंकर घालतो तसे ओठ करायचे. बाईंनी फुंकणीच आणायची तयारी दाखवली.

'न' हे एकटं व्यंजन म्हणजे आपला अनुस्वार. लिहिताना एकच खूण, बोलताना पुढचं अक्षर बघून बदलते. संप, संत, संग हे तीन शब्द म्हणा आणि जीभ कुठं जाते ते बघा. 'सेंपाइ' म्हणजे वरच्या वर्गातला, त्यात तो म होतो. 'सांका' म्हणजे सहभाग, त्यात ङ होतो. हे आपल्याला शिकवावं लागत नाही, आठवण करून द्यावी लागते.

छोटा 'त्सु' लिहिला की पुढचं व्यंजन दुप्पट. किते म्हणजे 'येऊन', कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. पता आणि पत्ता यांत जेवढा फरक तेवढाच.

शेवटचा 'उ' गिळायचा. लिहायचं 'देसु', म्हणायचं 'देस्'. आपणही 'घर' लिहितो आणि शेवटचा अ कुठं उच्चारतो?

६ जुलै

आषाढी एकादशी. वर्ग नाही. बाई पंढरपूरला. पुण्यात आज जुलैची परीक्षा झाली.

१३ जुलै

आज मला वहीची पहिली पंधरा पानं मोडावी लागली.

भाचीनं वाक्य वाचलं: 'आमच्या घरी आजी आहेत.' आजीला 'ओबाासान', मध्ये आ लांब. तिनं म्हटलं 'ओबासान', म्हणजे काकू किंवा मावशी. तीनदा सांगितलं, तीनदा तसंच. मग माझ्या लक्षात आलं की चूक तिची नाही, मी वहीत छापलेल्या देवनागरीची आहे. जपानी 'आ' चवीला आपल्या आ सारखा आहे, पण मापानं आखूड. मराठीत आखूड तो अ आणि लांब तो आ; आखूड आ नाहीच. म्हणून देवनागरीत लिहिलं की प्रत्येक 'आ' लांब वाचला जातो, आणि खरा लांब आला की ओळखू येत नाही. ए आणि ओ चीही तीच अडचण. 'कोको' म्हणजे इथं, 'कोोकोो' म्हणजे ज्युनियर कॉलेज. 'तोरि' म्हणजे पक्षी, 'तोोरि' म्हणजे रस्ता. इ आणि उ मात्र आपल्याला सोपे, कारण सुत आणि सूत यातला फरक शाळेत घोटलेला असतो: 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बीरु' म्हणजे बिअर.

तेवढ्यात मागवाल्यांचा मुलगा म्हणाला, "ताई, मला यात काही अडत नाही हो." त्यानं आठही शब्द बरोबर वाचले. का, ते त्यालाही सांगता येईना. मग मी त्याला तेलुगूत आकडे म्हणायला सांगितले. सात म्हणजे 'एडु', त्यातला ए लांब. आठ म्हणजे 'एनिमिदि', त्यातला ए आखूड. तेलुगूत आखूड-लांब ए आणि ओ वेगळे असतात, कानडीतही. हा मुलगा घरातूनच तो कान घेऊन आला होता. सोलापुरात निम्म्या गल्ल्यांमध्ये हा कान आहे. मी इतकी वर्षं इथं राहून तो शिकवण्यात कधी वापरला नव्हता. आजपासून तोच आमचा मापाडी. तो टाळी वाजवून मात्रा मोजतो, बाकीचे म्हणतात. ओ-बा-सा-न चार टाळ्या, ओ-बा-आ-सा-न पाच. बाई म्हणाल्या, "ही तर मात्रावृत्ताची मोजणी." अगदी तीच.

ठरलं: देवनागरी पहिल्या दोन आठवड्यांपुरती. त्यानंतर वहीत जपानी शब्द फक्त जपानी अक्षरांत, अर्थ आणि समजूत मराठीत. लिपी सोडायची, मराठी सोडायची नाही.

२० जुलै

आठवीतला मुलगा रुसला. देवनागरी गेल्यावर त्याचा वेग पार बसला, एका ओळीला चार मिनिटं लागतात. त्याला सांगितलं, तू पहिलीत 'कमळ' वाचायला किती वेळ घेत होतास ते आईला विचार.

गोंधळ होणाऱ्या जोड्या वेगळ्या पानावर काढल्या. 'नु' आणि 'मे': शेपटीला गाठ असेल तर नु. 'रु' आणि 'रो': तेच. 'रे', 'ने', 'वा' या तिघांचा डावा खांब एकसारखा, नजर उजवीकडच्या टोकावर ठेवायची: ते बाहेर वळलं तर रे, गाठ पडली तर ने, आत वळलं तर वा. छापील 'सा' आणि 'कि' मध्ये खालचा वळसा जोडलेला दिसतो, हातानं लिहिताना तुटलेला. हे आधी सांगितलं नाही तर मुलं समजतात की अक्षर चुकलं.

काताकाना, म्हणजे परके शब्द लिहायची दुसरी लिपी, तिच्यासाठी गावाचं नाव लिहून घेतलं. जपानीत ल नाही, ळ तर नाहीच, आणि एकटा 'न' सोडला तर शब्द व्यंजनावर संपत नाही. सोलापूर लिहायचं तर 'सोरापूरु'. भाचीला ते लागलं. आपल्या गावाचं नाव परक्या तोंडात कसं बसतं ते आधी ऐकून घेतलेलं बरं, तिथं गेल्यावर रोज असंच ऐकायचंय.

३ ऑगस्ट

व्याकरणाला सुरुवात. बाईंनी विभक्तीचा तक्ता स्वतः पुठ्ठ्यावर करून आणला होता आणि त्याच्या शेजारी एक रकाना रिकामा सोडला होता. तो आम्ही भरला.

चा-ची-चे म्हणजे 'नो', आणि लिंग-वचन काही बघायचं नाही. हून, पासून म्हणजे 'कारा'. पर्यंत म्हणजे 'मादे'. सुद्धा म्हणजे 'मो'. क्रियापद शेवटी. आणि प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी काय लावायचं? 'का'. तोच शब्द, तीच जागा, तोच अर्थ. 'छान आहे ना' मधल्या ना च्या जागी 'ने'. मुलगा उडालाच: "म्हणजे हे आपलंच हाय की!"

आपलं नाही, योगायोग आहे, दोन्ही भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या. पण वाक्याची ठेवण जुळते, तर ती वापरायची. 'मी उद्या बसनं पुण्याला जाणार' हे वाक्य जसंच्या तसं, शब्द बदलून उभं राहतं.

सापळा मात्र 'त' मध्ये आहे, तो वहीत लाल शाईनं छापायचा. 'मी सोलापुरात राहतो' आणि 'मी सोलापुरात काम करतो'. मराठीत दोन्हीकडे त. जपानीत पहिल्याला 'नि', दुसऱ्याला 'दे'. अर्धा तास सगळे चुकत होते. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "एक असण्याचा त आहे आणि एक करण्याचा त." त्यानंतर चूक जवळजवळ थांबली. मी वीस पुस्तकी खुलासे वाचलेत, यापेक्षा नेटका एकही नाही. वहीत हे बाईंच्याच शब्दांत जाईल.

१७ ऑगस्ट

पाऊस धो धो. लाइट गेली होती, मेणबत्तीवर वर्ग झाला. फळा दिसत नव्हता म्हणून नुसते आवाज घेतले.

मराठीइतकीच जपानी ही आवाजांच्या शब्दांची भाषा आहे. मोठा पाऊस 'झाआझाआ', संथ रिपरिप 'शितोशितो'. ढगांची गडगड 'गोरोगोरो'. पानांची सळसळ 'सारासारा'. काळजाची धडधड 'दोकिदोकि'. चिकचिक म्हणजे 'नेबानेबा'. इंग्रजीतून शिकताना हे शब्द पोरखेळ वाटतात आणि लोक ते शेवटच्या पानावर ढकलतात. मोठी जपानी माणसंही ते दिवसभर बोलतात, आपण रिमझिम आणि खळखळ बोलतो तसे.

मग भाचीसाठी दुखण्याचे शब्द काढले. तिची वॉर्डातली ड्यूटी चालू आहे, तिनं आपले मराठी शब्द भराभर दिले. पेशंट 'दुखतंय' एवढंच कधी म्हणत नाही. गळू ठुसठुसतं, जखम चुरचुरते, डोकं घणघणतं, काहीतरी टोचतं. ठुसठुसणं म्हणजे 'झुकिझुकि'. चुरचुरणं, आग होणं म्हणजे 'हिरिहिरि'. टोचणं 'चिकुचिकु'. डोक्यात घण बसणं 'गान्गान्'. ती एकेक शब्द म्हणताना स्वतःच्या हातावर तो आवाज करून बघत होती: चिकुचिकुला नखानं टोचायची, हिरिहिरिला तळवा घासायची. जपानमधल्या ऐंशी-नव्वद वर्षांच्या आजी डॉक्टरी भाषेत सांगणार नाहीत, याच शब्दांत सांगतील. एन-५ ला यातलं बहुतेक काही विचारत नाहीत. तरी वहीत हे पूर्ण पान राहणार.

तिच्यासाठी पुढचा रस्ताही लिहून ठेवते, कारण लोक चुकीची माहिती देतात. देखभालीच्या कामासाठी 'तोकुतेइ गिनो' हा व्हिसा २०१९ पासून आहे. त्याला एन-५ पुरत नाही. एन-४ किंवा त्याच पातळीची जेएफटी-बेसिक ही जपानीची परीक्षा लागते, शिवाय देखभालीच्या जपानीची वेगळी परीक्षा आणि कामाच्या कौशल्याची परीक्षा. 'तीन महिन्यांत सगळं करून देतो' म्हणत पैसे मागणारे दोघं तिच्या मैत्रिणींना भेटले आहेत. पैसे देऊ नका, एवढंच माझं सांगणं आहे.

३१ ऑगस्ट

मोजणी. जपानीत वस्तूचा आकार बघून आकड्याला शेपूट बदलतं. पसरट पातळ वस्तूला 'माइ', लांब काठीसारखीला 'होन', माणसांना 'निन'. आपल्याकडे 'दोन जण', 'पाच नग' आहे, पण एवढं नाही. मागवाल्यांच्या मुलानं घरून चादरी आणि सुताच्या कांड्या आणल्या. चादरी: इचिमाइ, निमाइ, साम्माइ. कांड्या: इप्पोन, निहोन, साम्बोन. होन-पोन-बोनची अदलाबदल पुस्तकातून पाठ होत नाही, हातात कांडी घेऊन होते.

मोठे आकडे: त्यांचं परिमाण दहा हजाराचं, 'मान'. एक लाख म्हणजे दहा मान. आणि ४९ साठी 'एकोणपन्नास' नाही, सरळ 'चार-दहा-नऊ'. आठवीतला खूश.

१४ सप्टेंबर

दोन चुका लिहून ठेवायच्या, कारण दोन्ही मराठीतूनच येतात.

एक: 'महाग होतं'. आपण विशेषण तसंच ठेवून पुढं 'होतं' लावतो, म्हणून सगळ्यांनी 'ताकाइ देश्ता' म्हटलं. जपानीत विशेषणच भूतकाळात जातं: 'ताकाकात्ता देस्'. मराठीचा आधार इथं सोडावा लागतो.

दोन: मान. मराठीत 'आमचे वडील बाहेर गेलेत', 'साहेब जेवतायत'. आपल्या माणसाला बाहेरच्यासमोरही आदरार्थी बोलणं हा आपला संस्कार. जपानीत उलट. परक्याशी बोलताना स्वतःचे वडील 'चिचि', समोरच्याचे 'ओतोोसान'. आपल्या साहेबांच्या नावामागं 'सान' लावायचा नाही. स्वतःच्या नावामागं तर कधीच नाही. बाईंना हे पटायला वेळ लागला. "वडिलांना लहान कसं करायचं?" म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, लहान करायचं नाही, आपल्या बाजूला उभं करायचं.

आणि कार्टूनमधून उचललेला 'ओमाए' आज बंद केला. मुलाला सांगितलं, मास्तरांना 'काय बे' म्हणशील का? तेवढ्यात समजलं.

२४ सप्टेंबर

वर्ग नाही. सीनेला पूर आहे. बाईंच्या माहेरच्या गावात पाणी शिरलंय, त्या तिकडे गेल्या आहेत.

२ ऑक्टोबर

दसरा. बाई परत आल्या आहेत. पाटीपूजन केलं. पाटीवर आकड्यांची सरस्वती काढली, शेजारी वही ठेवली.

जपानमध्येही सरस्वती आहे, तिचं नाव बेन्झाइतेन. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेली. तिच्या हातात बिवा नावाचं तंतुवाद्य असतं, आणि तिची देवळं बहुधा पाण्याकाठी किंवा बेटावर. टोक्योत उएनोच्या तळ्यात मधोमध तिचं देऊळ आहे. मुलांना ते डोळ्यांपुढं आणायला वेळ लागला नाही, आपलं सिद्धेश्वराचं देऊळ तसंच पाण्यात आहे. संस्कृतातून तिथं पोचलेले शब्दही लिहिले: क्षण तो 'सेत्सुना', नरक तो 'नाराकु', आणि 'दान' वरून 'दान्ना', ज्याचा अर्थ आज नवरा असा आहे. पोर्तुगीजांनी दोघांनाही पाव दिला. आपला पाव, त्यांचा 'पान'.

१२ ऑक्टोबर

आजचा वर्ग मागाच्या शेडमध्ये झाला.

कांजीची, म्हणजे जपानीतल्या चिनी चिन्हांची, भीती चौघांनाही आहे. रोजच्या वापराच्या अधिकृत यादीत २१३६ कांजी आहेत, हा आकडा ऐकून कुणीही दबतं. एन-५ ला साधारण शंभर पुरतात. तरी मी शंभरची यादी दिली नाही. एकच चिन्ह दिलं: सूत. वर पिळाच्या दोन गाठी, खाली तीन सुटी टोकं, एकूण सहा रेघा. हे चिन्ह डाव्या बाजूला ठेवून जपानीत किती अक्षरं होतात ते बघायचं. विणणं. बांधणं. बारीक. रेघ. कागद. हिरवा. गट. संपणं. चालू राहणं. प्रत्येकात सूत.

मुलाचे वडील मागाशी उभे होते. त्यांना जपानी येत नाही, पण त्यांनी थांबून विचारलं, "संपण्यात सूत कशाला?" मग स्वतःच म्हणाले, "बीम संपला की टोक दिसतं, म्हणून असेल." कारण तेच का, यापेक्षा महत्त्वाचं हे की ते अक्षर आता त्यांचा मुलगा विसरणार नाही.

मग मी त्यांना ताणा आणि बाणा दाखवायला सांगितलं. उभा धागा आणि आडवा धागा. जपानीत दोन्हीला वेगळी कांजी आहेत, दोन्हीत सूत. नकाशावरच्या रेखांशाला ताण्याचं अक्षर वापरतात, अक्षांशाला बाण्याचं. पृथ्वी म्हणजे विणलेलं कापड. आणि ताण्याचं तेच अक्षर बौद्ध ग्रंथालाही, ज्याला आपण सूत्र म्हणतो. सूत्र म्हणजे धागाच. बाई बराच वेळ मागाकडे बघत राहिल्या. धोट्याच्या आवाजात कुणाचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.

घरी येऊन एका कांजीचे दोन उच्चार का, हे लिहिलं. मराठी माणसाला एक वाक्य पुरतं: नळाला 'पाणी' येतं, पण ते 'जल'वाहिनीतून येतं. एकटं असताना देशी शब्द, जोडून आलं की बाहेरून आलेला. पाण्याचं कांजी एकटं असलं की 'मिझु', जोडशब्दात 'सुइ'. आग एकटी, अग्निशामक जोडून: तिथं 'हि' आणि 'का'.

२ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला वर्ग. हा भाग एन-४ चा, पण थांबवलं नाही.

जपानी क्रियापदाचं 'ते' रूप म्हणजे आपलं 'ऊन'. ताबेते: खाऊन. पुढं 'मिरु' म्हणजे बघणं. ताबेते मिरु: खाऊन बघणं. ओकु म्हणजे ठेवणं. कात्ते ओकु: विकत घेऊन ठेवणं. मोत्ते कुरु: घेऊन येणं. मोत्ते इकु: घेऊन जाणं. आणि 'ते शिमाउ': काम उरकलं तर 'करून टाकलं', चूक झाली तर 'करून बसलो'. दोन्ही छटा एकाच रूपात, आपण त्या दोन क्रियापदांत वाटल्या आहेत.

'खाऊन बघ' यात बघायला डोळे कुठं लागतात? इंग्रजीला हे समजावताना घाम फुटतो. आमच्या माडीवर सात मिनिटं लागली. भाचीनं फराळाचा डबा पुढं केला आणि म्हणाली, 'ताबेते मिते कुदासाइ'. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिनं तीन तुकडे जोडले होते.

१६ नोव्हेंबर

सराव परीक्षा. एकूण गुण १८०, पास व्हायला ८० लागतात, पण भागांनाही किमान गुण आहेत: ऐकण्यात ६० पैकी १९, बाकीच्यात १२० पैकी ३८. बोलायला किंवा लिहायला काही नाही, सगळे पर्याय. ध्वनिफीत एकदाच वाजते.

तिघंही वरवर पास. मागवाला वाचनात मागं पडतो, भाची कांजीत. अभ्यासाचं जे टिकलं ते लिहिते. अंकी हे ॲप सगळ्यांना लावलं होतं. 'आन्कि' म्हणजे जपानीत पाठांतर. भाचीनं पहिल्या आठवड्यात रोज पन्नास नवे शब्द घेतले आणि तिसऱ्या आठवड्यात उजळणीचा ढीग बघून बंद केलं. मुलानं रोज दहा घेतले आणि अजून चालू आहे. शब्द एकटा नाही, वाक्यात घालायचा. ऐकलेलं वाक्य त्याच्या मागोमाग त्याच चालीत म्हणायचं, मोठ्यानं, दहा मिनिटं. मनातल्या मनात म्हटलेलं कामाचं नाही. आणि रोज एक ओळ हातानं.

७ डिसेंबर

काल सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला आलो. दुपारी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात नेलं, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली बाग आहे. लाकडी पुलावर उभं राहून 'हाशि' म्हणायला लावलं. हा खाली, शि वर: पूल. हा वर, शि खाली: जेवायच्या काड्या. पंधरा मिनिटं तिघं पुलावर पूल म्हणत होते. सुरावटीचं पान वहीत नव्हतं, ते घालायचं.

आज परीक्षा झाली. भाचीला ऐकणं सोपं गेलं. मागवाल्याचे वाचनातले दोन प्रश्न राहिले. आठवीतला म्हणतो, 'सूत' असलेलं एक अक्षर आलं होतं आणि ते त्यानं लांबूनच ओळखलं. निकाल जानेवारीत.

९ डिसेंबर

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा स्मृतिदिन. आपल्या सोलापूरचे. १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली, बत्तीसाव्या वर्षी, तिथंच वारले. ते ज्यांच्यावर उपचार करत होते ते जपानशी लढताना जखमी झालेले होते. भाचीनं विचारलं, मग आपण जपानी शिकतोय ते बरोबर आहे ना? मी लगेच उत्तर दिलं नाही. बाई म्हणाल्या, "ते तिकडे जाऊन चिनी शिकले. जखमी माणसाला कुठं दुखतंय हे विचारायचं तर त्याची भाषा लागतेच." भाचीनं वहीतलं झुकिझुकि-हिरिहिरिचं पान काढलं आणि त्यात वॉर्डातले अजून सहा मराठी शब्द लिहिले. कळ येणं, झिणझिण्या, ठणका, उसण, वांब येणं, मळमळ. त्यांचे जपानी शब्द या आठवड्यात शोधायचे.

१४ डिसेंबर

वहीचा पक्का खर्डा झाला, ६८ पानं. तिसऱ्या पाठापासून जपानी शब्दांची देवनागरी पूर्ण काढली. 'असण्याचा त, करण्याचा त' चौकटीत घातलं. मात्रा मोजायच्या पानावर तेलुगूतले एडु आणि एनिमिदि दिले, ते कसे म्हणायचे हे मुलगा प्रत्यक्ष म्हणून दाखवेल. दुखण्याचं पान आता दोन पानांचं झालंय. सूत असलेल्या अक्षरांचं पान मागाच्या रेखाटनासकट.

झेरॉक्सला २० प्रती टाकल्या. बुधवारी मिळतील. जानेवारीच्या तुकडीसाठी सहा जणांनी नावं दिली आहेत, त्यांतले दोघं घरी कानडी बोलतात.